वाचकांचे प्रश्न : लोनसोबत माथी मारलेला इन्शुरन्स आणि हरवलेले कागद

ब्रिटनमधे राहणाऱ्या आणि तिथे नोकरी करून परत आलेल्या वाचकांची पत्रं साठली आहेत आणि बऱ्याच जणांचा विषय एकच आहे, पीपीआय. म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. लोन घेतलं, क्रेडिट कार्ड काढलं की सोबत हा यायचा, आजारी पडलात, नोकरी गेली तर हप्ते इन्शुरन्स कंपनी भरेल असं सांगायचे. कल्पना वाईट नव्हती, पण विकला कसा ते वाईट होतं. ज्याला लागू होणारच नाही त्याला विकला, न विचारता जोडला, घेतल्याशिवाय लोन मिळणार नाही असं भासवून विकला. २०११ पासून बँकांनी मिळून ३८ अब्ज पौंडांच्या वर रक्कम लोकांना परत केली, यावरून किती लोकांच्या माथी मारला होता ते समजा. पत्रं लिहिणारे बहुतेक जण मात्र त्यातले नाहीत, कारण त्यांच्याकडे कागद नव्हते म्हणून त्यांनी अर्जच केला नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न : २००३ साली स्लाऊमधे आम्ही नवीन होतो, गाडी आणि घरातल्या सामानासाठी बँकेतून ८,००० पौंडांचं पर्सनल लोन घेतलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या इन्शुरन्स घेतलात तर लगेच पास होईल, नाहीतर वर विचारावं लागेल. घेतला. जून २००८ मधे लोन फिटलं. नंतर घरं बदलली, फाईल कुठे गेली पत्ता नाही, अकाउंट नंबरसुद्धा आठवत नाही. ऑफिसातल्या लोकांना पैसे मिळाले, मी कागद नाहीत म्हणून गप्प बसलो. आता काही होऊ शकतं का?

आधी जे ऐकायला नको वाटेल ते सांगतो, म्हणजे तुमचे चार महिने वाया जाणार नाहीत. पीपीआय चुकीचा विकला अशी तक्रार करायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. ही तारीख एफसीएने म्हणजे तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने ठरवली होती, दोन वर्षं टीव्हीवर जाहिराती केल्या, त्यात आर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक डोकं ओरडून सांगत होतं की निर्णय घ्या. त्यामुळे "मला माहीत नव्हतं" हे कारण आता सहसा चालत नाही. "कागद नव्हते" हे तर नाहीच चालत, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं, कारण तक्रार करायला कागद लागतच नव्हते. नाव, जन्मतारीख, त्या वेळचा पत्ता आणि अंदाजे साल एवढ्यावर बँका शोधून द्यायच्या.

तुमच्यावर अन्याय झाला का, तर तुम्ही लिहिलंय तसं घडलं असेल तर हो, झाला. "घेतलात तर लगेच पास होईल" हे वाक्य त्या काळात हजारो ब्रँचमधे बोललं गेलंय. आणि पर्सनल लोनवर तेव्हा बहुतेक वेळा सिंगल प्रीमियम असायचा, म्हणजे पाच वर्षांचा सगळा प्रीमियम पहिल्याच दिवशी लोनमधे मिळवायचा आणि त्यावरही व्याज लावायचं. समजा ८,००० च्या लोनवर १,६०० प्रीमियम लावला, तर कर्ज ९,६०० चं झालं. व्याज वर्षाला १० टक्के धरलं तर नुसत्या त्या १,६०० चा महिन्याचा हप्ता ३४ पौंडांच्या आसपास पडतो, पाच वर्षांत २,०४० पौंड. माणसाला वाटतं महिन्याला ३४ तर जातायत, आणि बहुतेकांना तेही वेगळं दाखवलेलं नसायचं, एकच हप्ता सांगायचे. हे सिंगल प्रीमियमचं प्रकरण शेवटी २००९ मधे नियामकाने बंद करायला लावलं.

आता काय शिल्लक आहे ते बघू. पहिली गोष्ट आठवून बघा, २०१९ च्या त्या तारखेआधी तुम्ही किंवा घरातल्या कुणी बँकेला पत्र, फोन, ऑनलाइन फॉर्म असं काही केलं होतं का. केलं असेल आणि बँकेने अंतिम उत्तरच दिलं नसेल तर ती तक्रार अजून उघडी धरता येते आणि ओम्बड्समनकडे, म्हणजे बँक आणि ग्राहकांच्या भांडणात निवाडा देणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे नेता येते. अंतिम उत्तर आलं असेल तर त्या तारखेपासून सहा महिनेच मिळतात. दुसरं, तारीख चुकण्यामागे खरंच असाधारण कारण असेल, म्हणजे त्या काळात दीर्घ गंभीर आजार वगैरे, तर ओम्बड्समन ते ऐकून घेतो. पण मेडिकल पुरावा लागतो, आणि आजार तारखेच्या आधी बराच काळ होता हे दिसावं लागतं, शेवटच्या आठवड्यात ताप होता यावर होत नाही.

तिसरा रस्ता कोर्टाचा. २०२३ च्या नोव्हेंबरमधे कॅनडा स्क्वेअर विरुद्ध पॉटर या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बँकेने इन्शुरन्स विकून मिळवलेलं कमिशन जाणूनबुजून लपवलं असेल तर सहा वर्षांची मुदत लोन संपल्यापासून नाही, ते ग्राहकाला कळलं किंवा कळायला हवं होतं तिथून मोजायची. त्या केसमधे ३,८३४ पौंडांच्या प्रीमियममधले फक्त १८२ पौंड ५० पेन्स इन्शुरन्स कंपनीला गेले होते, बाकीचं सगळं कमिशन! तुमचं लोन ६ एप्रिल २००८ नंतर संपलं म्हणून कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टमधलं अन्यायी व्यवहाराचं कलम (१४०अ, त्याबद्दल पुढच्या उत्तरात) तुम्हाला जेमतेम लागू होतं, त्याआधी फिटलेल्या लोनना होत नाही. पण "कळायला हवं होतं" या शब्दांवर बँकेचा वकील सगळा भर देणार, २०१९ च्या जाहिराती दाखवणार, आणि तुम्ही स्वतः लिहिलंय की ऑफिसातल्या लोकांना पैसे मिळालेले तुम्हाला माहीत होते. माझं मत विचाराल तर फक्त या आधारावर कोर्टात जाऊ नका, निदान बँकेकडून रेकॉर्ड हातात आल्याशिवाय तर नाहीच.

आणि ते रेकॉर्ड मागवायला काही खर्च नाही. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात त्याला, म्हणजे माझ्याबद्दल तुमच्याकडे जी काही माहिती आहे ती सगळी मला द्या असा अर्ज. मे २०१८ पर्यंत त्याला १० पौंड फी होती, आता फुकट आहे, आणि एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, किचकट असेल तर आणखी दोन महिने घेता येतात पण तसं त्यांनी कळवावं लागतं. लोक या अर्जात चुकतात ते असं की फक्त "माझं पीपीआय होतं का" एवढंच विचारतात. तसं नका विचारू. त्या काळातले सगळे पत्ते लिहा, पोस्टकोडसकट, लग्नाआधीचं आडनाव किंवा स्पेलिंग वेगळं असेल तर ते लिहा (आपल्या नावांची तिथे काय काय स्पेलिंग व्हायची ते तुम्हाला माहीतच आहे, मधलं नाव आडनाव म्हणून टाकलेलं असू शकतं, तेही लिहा), पगार ज्या अकाउंटला यायचा त्याचा सॉर्ट कोड (बँकेच्या ब्रँचचा नंबर) आठवत असेल तर तो, लोनचं अंदाजे साल आणि रक्कम, आणि मग म्हणा की लोन अ‍ॅग्रीमेंट, स्टेटमेंट, इन्शुरन्सची नोंद, कमिशनची नोंद, फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी, जे असेल ते द्या, मायक्रोफिश (फिल्मवर उतरवलेले जुने कागद) आणि आर्काइव्हमधलंही. बँका साधारण अकाउंट बंद झाल्यावर सहा-सात वर्षांनी कागद नष्ट करतात, त्यामुळे "काही सापडलं नाही" असं उत्तर येऊ शकतं, पण कागद नष्ट झाले तरी कॉम्प्युटरवर एखादी ओळ, प्रॉडक्ट कोड, इन्शुरन्सचा हप्ता असं काहीतरी राहिलेलं अनेकदा सापडतं. उत्तरच दिलं नाही तर इन्फर्मेशन कमिशनरच्या ऑफिसकडे तक्रार करता येते, तीही फुकट.

क्रेडिट रिपोर्ट काढण्यात मात्र वेळ घालवू नका. एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन तिघांच्याही रिपोर्टवर बंद झालेलं अकाउंट सहा वर्षांनी निघून जातं, २००८ चं लोन तिथे दिसणारच नाही.

प्रश्न : माझं क्रेडिट कार्ड १९९९ चं. स्टेटमेंटवर दर महिन्याला इन्शुरन्सची एक ओळ असायची, ती मी २००९ ला फोन करून बंद केली. कार्ड मात्र चालू राहिलं, २०२१ मधे बंद केलं. २०१९ मधे तक्रार केली होती तेव्हा बँकेने विक्री बरोबर होती म्हणून नाकारलं, पण "कमिशन जास्त होतं" म्हणून थोडे पैसे दिले. ते कसले? माझ्याकडे दोनच जुनी स्टेटमेंट आहेत. – एक वाचक, लेस्टर

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण तुमच्याकडे खरंच दार उघडं असू शकतं, आणि ते लवकरच बंद होणार आहे.

ते "थोडे पैसे" म्हणजे प्लेव्हिनचे. २०१४ च्या नोव्हेंबरमधे प्लेव्हिन विरुद्ध पॅरागॉन या केसमधे सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. ५,७८० पौंडांचा प्रीमियम होता आणि त्यातला ७१.८ टक्के भाग कमिशनमधे गेला होता, ग्राहकाला कुणी सांगितलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं एवढं मोठं कमिशन लपवलं तर तो व्यवहार १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम १४०अ प्रमाणे अन्यायी ठरतो. म्हणजे इन्शुरन्स कसा विकला हा वाद बाजूला ठेवला तरी लपवलेलं कमिशन हा वेगळा मुद्दा झाला. त्यावर एफसीएने नियम केला की कमिशन ५० टक्क्यांच्या वर असेल तर वरचा भाग परत द्यायचा. उदाहरणार्थ तुम्ही १,००० पौंड प्रीमियम भरला आणि कमिशन ६७ टक्के होतं, तर १७ टक्के म्हणजे १७० पौंड आणि त्यावर व्याज. बस्स. बाकीचे ५० टक्के कमिशन बँकेकडेच!

कोर्टाला हा ५० टक्क्यांचा नियम बंधनकारक नाही, कोर्ट त्याहून जास्त देऊ शकतं, आणि इथेच तुमचा २०२१ चा मुद्दा येतो. ४ ऑक्टोबर २०२३ ला स्मिथ विरुद्ध रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या केसमधे सुप्रीम कोर्टापुढे अगदी तुमच्यासारखी परिस्थिती होती, इन्शुरन्स २००६ मधे थांबला होता, कार्ड २०१५ मधे बंद झालं, आणि बँक म्हणत होती की इन्शुरन्स थांबून सहा वर्षं होऊन गेली, आता काय. कोर्टाने सांगितलं की मुदत क्रेडिटचं नातं संपलं तिथून मोजायची, म्हणजे कार्ड बंद झालं तिथून. तुमचं कार्ड २०२१ मधे बंद झालं, म्हणजे २०२७ पर्यंत. नेमकी तारीख कुठली ते बँकेकडून लेखी घ्या, कारण "बंद केलं" म्हणून फोन केला ती तारीख आणि सिस्टीममधे अ‍ॅग्रीमेंट संपल्याची तारीख वेगळी असू शकते, आणि मुदत संपायच्या आत केस कोर्टात दाखल व्हावी लागते, नुसतं बँकेला पत्र पाठवून मुदत थांबत नाही. हे मी इंग्लंड-वेल्सचं सांगतोय, स्कॉटलंडमधे मुदतीचे नियम वेगळे आहेत.

२०१९ ला बँकेने पैसे देताना तुमच्याकडून "पूर्ण आणि अंतिम तडजोड" अशी सही घेतली होती का, ते पत्र आधी शोधा. सही केली असेल तर प्रश्न अवघड होतो.

दोनच स्टेटमेंट आहेत म्हणताय, पण ती दोनच फार मोलाची आहेत. त्यावर कार्ड नंबर आहे, इन्शुरन्सचा दर आहे (बहुतेक १०० पौंडांच्या शिल्लकीमागे ७०-८० पेन्स असा लिहिलेला असतो), तारीख आहे. शिवाय बँकेने २०१९ मधे जे पैसे दिले त्याचा हिशोब केला होता म्हणजेच त्यांच्याकडे प्रीमियमचा आकडा आणि कमिशनचा टक्का आहे. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्टमधे नेमका तोच हिशोब मागा, "माझ्या २०१९ च्या तक्रारीची पूर्ण फाईल, प्रीमियमचं महिनेवार कोष्टक आणि कमिशनच्या टक्क्यासकट". हरवलेल्या कागदांचं अर्धं काम तिथे होऊन जातं. रक्कम १०,००० पौंडांपर्यंत असेल तर स्मॉल क्लेम्समधे, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या सोप्या मार्गाने जाते, तिथे हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा अंगावर येत नाही. तरी दाखल करायच्या आधी एकदा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत कागद दाखवा, ते फुकट आहे. मुळात या सगळ्या प्रकरणाला वाचा फोडणारी मोठी तक्रार २००५ मधे त्यांनीच केली होती.

प्रश्न : माझे वडील गेले. कपाटात एका जुन्या बँकेच्या लोनचं पाकीट सापडलं, आत फक्त एक पानाचं पत्र, त्यावर "पेमेंट केअर" असं काहीतरी लिहिलंय. ती बँक आता त्या नावाने अस्तित्वातच नाही. मी त्यांच्या वतीने विचारू शकते का?

विचारू शकता, पण वेगळ्या पद्धतीने. सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट जिवंत माणसासाठी असते, गेलेल्या माणसाची माहिती त्या कायद्यात येत नाही, त्यामुळे तो फॉर्म भरलात तर बँक सरळ नाही म्हणेल आणि तुम्हाला वाटेल संपलं. तुम्ही एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती म्हणून लिहायचं, मृत्यूचा दाखला आणि प्रोबेट म्हणजे कोर्टाचा तसा अधिकार देणारा कागद जोडून (मृत्युपत्र नसेल तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन), बँकेच्या बिरिव्हमेंट विभागाला, म्हणजे गेलेल्या ग्राहकांची खाती बघणाऱ्या विभागाला. भावंडं असतील तर कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच लिहावं, उगाच दोघांनी दोन पत्रं पाठवली की फाईल अडकते.

"पेमेंट केअर", "लोन प्रोटेक्शन", "अकाउंट कव्हर", "एएसयू" ही सगळी एकाच वस्तूची नावं, पीपीआय हे अक्षर कागदावर नसलं तरी चालतं. बँकेचं नाव बदललं तरी जबाबदारी कुणाकडे तरी गेलेली असते. मिडलंडचं एचएसबीसी झालं, अ‍ॅबी आणि अलायन्स अँड लेस्टर सँटँडेरमधे गेल्या, वुलविच बार्कलेजमधे, एग आणि गोल्डफिश ही कार्डं बार्कलेकार्डकडे, हॅलिफॅक्स २००९ पासून लॉइड्सच्या ग्रुपमधे आहे. कंपनी बुडालीच असेल तर एफएससीएस म्हणजे भरपाई योजनेचं ऑफिस बघतं.

पण तुमच्या बाबतीत मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वडील गेले तेव्हा लोन चालू होतं का? पुष्कळ पॉलिसींमधे मृत्यूचंही कव्हर असायचं. इन्शुरन्स तेव्हा चालू असेल तर तक्रार वगैरे नंतर, आधी क्लेम करा, राहिलेलं लोन पॉलिसीतून फिटायला हवं. घरच्यांना माहीतच नसतं म्हणून ते स्वतःच्या पैशाने लोन फेडून मोकळे होतात, आणि ज्या गोष्टीसाठी माणसाने वर्षानुवर्षं प्रीमियम भरला ती कुणी मागतच नाही. आणि क्लेम केल्यावर कंपनी म्हणाली की त्यांना आधीपासून आजार होता किंवा वय जास्त होतं म्हणून पॉलिसी लागू नव्हती, तर मग लागू नसलेली पॉलिसी विकली कशी हा प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या तारखेला जे थोडे अपवाद ठेवलेत त्यात हा आहे, त्या तारखेनंतर केलेला क्लेम अपात्रतेमुळे किंवा पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींमुळे नाकारला गेला तर विक्रीबद्दल तक्रार करता येते. नकाराचं पत्र लेखी घ्या, फोनवरचं "नाही" पुरत नाही.

प्रश्न : मी १९९८ ते २००६ एनएचएसमधे (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) डॉक्टर होतो, आता नाशिकला असतो. एका कंपनीचा फोन येतोय की तुमच्या नावावर ४,२०० पौंडांचा पीपीआय रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंगचे १८० पौंड आणि पासपोर्टची कॉपी पाठवा. त्यांना माझ्या जुन्या बँकेचं नाव बरोबर माहीत आहे. पाठवू का?

डॉक्टर, एक पैसाही पाठवू नका, पासपोर्ट तर मुळीच नको. खरा रिफंड देणारी बँक आधी पैसे मागत नाही. बँकेचं नाव माहीत असणं हा काही पुरावा नाही, त्या काळात हॉस्पिटलच्या आवारात ज्या एक-दोन बँका होत्या त्यातली एक सांगितली तरी निम्म्या लोकांना बरोबर वाटते, शिवाय जुने डेटाबेस विकले गेलेत. संमती न घेता क्लेमसाठी असे फोन करण्यावर तिथे २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे फोन आला इथेच उत्तर मिळतं. "मंजूर झालाय" म्हणतात तर कुणी मंजूर केला, कुठल्या तक्रारीवर, विचारून बघा. तुम्ही तक्रारच केलेली नाही.

खऱ्या क्लेम कंपन्याही होत्या आणि त्यांनी लोकांचे खूप पैसे खाल्ले. २०१८ च्या जुलैमधे पीपीआयसाठी त्यांच्या फीवर २० टक्के अधिक व्हॅट अशी मर्यादा आली, म्हणजे ३,००० मिळाले तर ७२० पौंड त्यांचे, आणि काम काय तर जे पत्र तुम्ही स्वतः अर्ध्या तासात लिहू शकता ते. त्याआधी तर यापेक्षा कितीतरी जास्त घ्यायचे. कुठल्याही कंपनीचं नाव एफसीएच्या रजिस्टरवर बघा, आणि नाव सापडलं तरी रजिस्टरवरच्या नंबरवर तुम्ही फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नको, कारण खऱ्या कंपनीचं नाव घेऊन फसवणारेही आहेत.

आणि तुमच्या केसबद्दल. एनएचएसमधे पाच वर्षांच्या नोकरीनंतर आजारपणात सहा महिने पूर्ण आणि सहा महिने अर्धा पगार मिळतो. अशा माणसाला आजारपणाचा इन्शुरन्स विकताना नोकरीत काय मिळतं हे विचारायला हवं होतं, तुमच्या पिढीच्या बऱ्याच डॉक्टर-नर्सना या मुद्द्यावर पैसे परत मिळाले. तारीख गेली आहे म्हणून वाईट वाटतं. तुमचं एखादं ब्रिटिश कार्ड किंवा अकाउंट परत आल्यावरही बरीच वर्षं चालू राहिलं होतं का, ते आठवा. राहिलं असेल तर वर लेस्टरच्या वाचकांना लिहिलंय ते तुम्हालाही लागू होऊ शकतं. बाहेरच्या देशातून सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट पाठवायला काहीच अडचण नाही.

प्रश्न : मला २०२२ च्या शेवटी ओम्बड्समनच्या निकालानंतर पीपीआयचे पैसे मिळाले. बँकेने त्यातून टॅक्स कापला होता असं आत्ता कळलं. पत्र हरवलंय. परत मिळतो का?

मिळू शकतो. परताव्यात वर्षाला ८ टक्क्यांचं साधं व्याज जोडलेलं असतं आणि बँक त्या व्याजावर २० टक्के टॅक्स कापूनच पैसे देते. मूळ प्रीमियमवर टॅक्स नाही, फक्त या व्याजावर. पण २०१६ पासून बेसिक रेटवाल्यांना वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त आहे, हायर रेटवाल्यांना ५००, म्हणजे अनेकांचा टॅक्स उगाच कापला गेला. समजा ९०० पौंड व्याज मिळालं आणि १८० कापले, तुमचं त्या वर्षीचं इतर व्याज फार नसेल तर ते १८० तुमचे आहेत. फॉर्म आर४०, एचएमआरसीच्या म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर भरता येतो, तुम्ही ब्रिटन सोडलं असेल तर आर४३. टॅक्स वर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत असते, २०२२-२३ मधे मिळालेल्या पैशांसाठी ५ एप्रिल २०२७. पत्र हरवलं असलं तरी बँकेकडे टॅक्स डिडक्शनचं सर्टिफिकेट मागा, ही नोंद अलीकडची आहे, ती त्यांच्याकडे असतेच.

प्रश्न : गाडीच्या फायनान्सचंही असंच काहीतरी चाललंय म्हणे. २०१५ ची गाडी, डीलरकडून घेतली, आता विकून टाकली, कागद नाहीत.

हो, आणि इथे अजून वेळ आहे म्हणून पीपीआयच्या वेळी केलं तसं करू नका. १ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने एका ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला, त्यात डीलरला मिळालेलं कमिशन कर्जाच्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के होतं आणि ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता, कलम तेच १४०अ. सोबत ऐकलेल्या आणखी दोन ग्राहकांच्या केसमधे कोर्टाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला, म्हणजे प्रत्येक गाडीवाल्याला पैसे मिळणार असं समजू नका. त्यानंतर एफसीएने ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ मधल्या व्यवहारांसाठी भरपाई योजनेचा प्रस्ताव मांडला. तुमची २०१५ ची गाडी त्या काळात बसते.

कर्ज डीलरने दिलेलं नसतं, मागे एक फायनान्स कंपनी असते, तिचं नाव शोधणं हेच पहिलं काम. त्या वर्षांतलं बँक स्टेटमेंट काढा, महिन्याच्या ठराविक तारखेला जाणाऱ्या डायरेक्ट डेबिटवर नाव असतं. स्टेटमेंट मिळत नसेल तर डीलरकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट टाका, गाडीचा नंबर द्या, नंबर आठवत नसेल तर जुन्या इन्शुरन्स कंपनीकडे किंवा एखाद्या पार्किंगच्या दंडाच्या ईमेलमधे सापडतो. फायनान्स कंपनी कळली की तिला थेट, स्वतः, फुकट तक्रार करा आणि पत्राची कॉपी, पाठवल्याची तारीख, आलेली पोच हे सगळं एका ईमेल फोल्डरमधे टाकून ठेवा.